तोटी गळते, झाकण अडकतं: चाकावरची चहादाणी

प्रश्न असा आहे: "ताई, दीड वर्षं कुंभाराच्या चाकावर बसतेय. कप, वाट्या, छोट्या बरण्या जमतात. गेल्या चार महिन्यांत सहा टीपॉट केले. दोन तोटीपाशी तडकले, एकाचं झाकण भट्टीत चिकटलं, उरलेले तीन ओतताना गळतात आणि हातात जड लागतात. माझं नेमकं कुठे चुकतंय? आणि हे शिकायचं कुठल्या क्रमाने?"

बरणी जमते म्हणजे चहादाणीचं पोट जमणारच. झाकण म्हणजे काठ दुभंगलेली एक बशी आणि तोटी म्हणजे गळा आवळलेला निमुळता नळा. हेही तुम्हाला जमेल. चाकावर तुमचा हात चुकत नाही, चूक चाकावरून उतरल्यानंतर होते आहे. पोट, झाकण, तोटी आणि कान अशी चार वेगळ्या जाडीची कामं एकाच ओलाव्यावर एकमेकांना भेटावी लागतात. कप एकटा वाळतो, त्याला कुणाची वाट बघावी लागत नाही. चहादाणीचं तसं नाही. गेली बावीस वर्षं मी हे काम करते. माझ्या वाया गेलेल्या चहादाण्यांपैकी बहुतेक चाकावर गेल्या नाहीत, फळीवर वाळताना गेल्या.

पण मातीला हात लावण्याआधी एक ठरवा: या चहादाणीत कुठला चहा जाणार आहे? आपल्या बहुतेक घरांत चहा पातेल्यात उकळतो, दूध-साखर-आलं घालूनच, आणि पावडर असते सीटीसी, म्हणजे बारीक दाणेदार. ती गाळणीतून गाळूनच पुढे जाते. अशा घरासाठी केलेल्या चहादाणीला तोटीच्या मुळाशी जाळीची भोकं पाडू नका. भोकांनी सीटीसीचे बारीक कण अडत नाहीत, अडते ती साय, आणि दोन कप ओतल्यावर धार बारीक होत जाते. तिथे मुळाशी एकच मोठं भोक ठेवा. दार्जिलिंग किंवा निलगिरीचा पानांचा चहा कोरा पिणाऱ्यांसाठी करत असाल, तर मात्र जाळी हवी. मी सुरुवातीची चार वर्षं हा विचारच केला नव्हता. सगळ्या चहादाण्यांना जाळी पाडायचे आणि लोक त्या शोकेसमध्ये ठेवून द्यायचे.

आता मापं. समजा चार जणांचा चहा, १५० मिलीचा एक कप, म्हणजे ६०० मिली. काठोकाठ कुणी भरत नाही, म्हणून भाजून झालेल्या चहादाणीत ७०० मिली मावायला हवं. माझी स्टोनवेअर माती (खूप तापवल्यावर दगडासारखी पक्की होणारी) ओल्यापासून पक्क्या भाजणीपर्यंत १२ टक्के आकसते. ही १२ टक्के लांबीतली घट. लांबी, रुंदी, उंची तिन्ही आकसतात, त्यामुळे आतली जागा मूळच्या सुमारे ६८ टक्केच उरते. ७०० मिलीसाठी ओलं भांडं १,०३० मिलीचं लागतं. गोल पोट धरलं तर आतला व्यास साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास. तुमच्या मातीची घट वेगळी असेल. १० सेंटिमीटरची रेघ मारलेली पट्टी भाजून मोजा आणि हिशेब पुन्हा करा.

या मापाला पोटासाठी ९०० ग्रॅम माती पुरते, झाकणाला २०० आणि तोटीला २५०. सगळे गोळे एकाच वेळी मळलेल्या, एकाच लाद्यातल्या मातीचे घ्या. आज पोट आणि परवा झाकण असं करू नका. सगळे भाग एकाच सकाळी, एकाच बैठकीत घडवा. भाजून झालेली रिकामी चहादाणी झाकणासकट ७०० ग्रॅमच्या आत बसली पाहिजे. त्यात ६०० ग्रॅम चहा आला की सव्वा किलोच्या वर जातं आणि ते सगळं एका मनगटावर, तेही शरीरापासून दूर, तिरकं धरायचं असतं. तुमच्या चहादाण्या जड लागतात, कारण पोटाचा तळाकडचा तिसरा हिस्सा जाड राहिला आहे. एक चहादाणी ओली असतानाच तारेने उभी कापून बघा. पहिल्या पाचांतली एक तरी कापाच. मी शिकायला येणाऱ्यांना ही सक्ती करते. चांगली दिसणारी चहादाणी कापताना जिवावर येतं, पण माती कुठे राहिली ते त्याशिवाय कळत नाही.

पोट घडवताना काठावर मुद्दाम जाडी राखा. पोट फुगवून गळा आत घेतला की त्या जाड काठाचा आतला अर्धा भाग लाकडी पट्टीने खाली दाबा. झाकण बसायची पायरी तयार होते. तोंड इतकं ठेवा की भाजून आकसल्यावरही आत तीन-चार बोटं घालून घासता येईल. दुधाचा चहा राहिलेली चहादाणी नीट घासली नाही तर दुसऱ्या दिवशी तिला वास येतो आणि तिसऱ्या दिवशी ती कपाटात जाते. आतून गुळगुळीत, तडे न जाणारं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप हवा, तोही याच कारणाने. बाहेरून काय वाटेल ते करा.

झाकण उलटं घडवा. पसरट बशीसारखं उचलून काठ दुभंगा. एक भाग आडवा बाहेर जाऊन पायरीवर टेकेल, दुसरा उभा राहून आत उतरेल. हा उभा भाग दोन सेंटिमीटर तरी खोल ठेवा. शेवटचा कप ओतताना चहादाणी जवळजवळ आडवी होते आणि उथळ झाकण थेट कपात पडतं. पायरीचा आतला व्यास कॅलिपरने (माप घ्यायच्या चिमट्याने) घ्या आणि झाकणाचा उतरणारा भाग त्याहून दोन मिलिमीटर कमी ठेवा. माप घेतलेला कॅलिपर तसाच बाजूला ठेवून द्या, हलवू नका. झाकणाला चार मिलिमीटरचं एक भोक लागतंच. त्यातून हवा आत शिरली नाही तर चहा गचके देत पडतो. ग्लेझनंतर हे भोक सुईने पुन्हा मोकळं करा. भाजलेल्या चहादाणीवर बोट ठेवून हे भोक बंद केलं आणि धार थांबली, तर झाकण उत्तम बसलं आहे असं समजा.

आता तोटी. चहादाणी ओतते कशी, हे इथे ठरतं.

आपल्याकडच्या पारंपरिक कुंभारकामात चहादाणी फारशी नाही. ग्लेझ केलेलं हातघडणीचं स्टोनवेअर आपल्या स्टुडिओंमध्ये रुजलं ते गेल्या काही दशकांत. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये पाँडिचेरीत सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीचा त्यात मोठा वाटा आहे. पण तोटी आपल्याला नवी नाही. घरात जुनी पितळी झारी असेल तर ती काढून समोर ठेवा. अनेक झाऱ्यांची तोटी पोटाच्या खालच्या अर्ध्यातून निघते, मुळाशी रुंद असते, वर जाताना सतत निमुळती होते आणि पातळ, धारदार कडेवर संपते. चहादाणीच्या तोटीला हेच सगळे नियम लागू आहेत. ती मधेच फुगली किंवा टोकाशी पसरली की आतला प्रवाह फुटतो आणि धार वेडीवाकडी पडते.

तोटी मोठ्या गोळ्याच्या शेंड्यावरून घडवायला शिका. तीन किलो माती चाकावर ठेवायची आणि वरच्या वर एकामागून एक तोट्या काढत जायच्या. आधी उंच, उभा नळा उचला. मग दोन्ही हातांच्या बोटांनी सगळीकडून सारखा दाब देत गळा आवळा, पुन्हा वर उचला, पुन्हा आवळा. एकदम आवळलं की सुरकुती पडते. बोट आत मावेनासं झालं की पेन्सिलीइतकी गोल काठी आत धरा. पाणी कमी वापरा. तोटीच्या आत साचलेलं पाणी तिथेच राहिलं की ती स्वतःच्याच वजनाने बसते.

या आवळण्यात मातीला पीळ बसतो आणि माती पीळ विसरत नाही. भट्टीत, भाजणीच्या शेवटच्या टप्प्यात, तो पुन्हा जागा होतो आणि सरळ कापलेलं टोक एका बाजूला झुकलेलं बाहेर येतं. किती आणि कुठल्या बाजूला, हे तुमचं चाक कुठल्या दिशेने फिरतं, माती कुठली आणि तुम्ही किती आवळलं यावर आहे. म्हणून पहिल्या तीन-चार तोट्या सरळ कापा, भाजा, टोक किती फिरलं ते बघून वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी टोक तेवढंच उलट्या बाजूला तिरकं कापा. पोर्सिलेनमध्ये हे फिरणं स्टोनवेअरपेक्षा बरंच जास्त असतं.

तोटीचं टोक काठाच्या पातळीला किंवा अर्धा सेंटिमीटर वर हवं. ते खाली राहिलं तर चहादाणी भरताभरताच तोटीतून चहा वाहायला लागतो. माझ्या पहिल्या खेपेतल्या सगळ्या अकरा चहादाण्यांत हा दोष होता. मी तोट्या नजरेने लावल्या होत्या, आणि ओल्या मातीत बरोबर दिसलेलं टोक आकसून, झुकून खाली आलं होतं. आता मी काठावर लाकडी पट्टी आडवी ठेवून तिच्यावर टोक जुळवते. फार वर नेलं तरी त्रासच. मग चहादाणी जास्त वाकवावी लागते आणि तोटीआधी चहा झाकणाखालून येतो.

गळण्याबद्दल. ओतणं थांबवताना चहा टोकाला वळसा घालून तोटीच्या खालून उतरतो आणि टेबलावर पडतो. याला शास्त्रज्ञ 'टीपॉट इफेक्ट' म्हणतात. हे नाव मार्कुस राइनर यांनी १९५६ मध्ये दिलं. पुढच्याच वर्षी जोसेफ केलर यांनी दाखवलं की वळणावर प्रवाहातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो आणि बाहेरची हवा द्रवाला तोटीकडे दाबते. जोडीला पृष्ठभाग ओला होण्याचा गुणही आहेच. यातून कुंभाराने घ्यायच्या गोष्टी तीन. कड जितकी गोल, तितका वळसा सोपा, म्हणून कड धारदार ठेवा. धार जितकी संथ, तितकं गळणं जास्त, म्हणून तोटीतून भरपूर आणि वेगाने चहा आला पाहिजे. आणि टोकाची खालची बाजू आत वळलेली हवी, म्हणजे चहाला परत जायला उलटं चढावं लागेल.

तुमच्या तिन्ही गळक्या चहादाण्यांची टोकं बोटाने चाचपून बघा. ती गोल लागतील असा माझा अंदाज आहे. कप करताना आपण काठ ओल्या स्पंजने मऊ करतो, ओठाला लागतो म्हणून. तीच सवय हात तोटीवर नेते. तोटीचं टोक कापल्यावर त्याला स्पंज लावू नका, कोरडं बोट हलकं फिरवा, बस. ग्लेझ जाड लागलं तरी धार बोथट होते, म्हणून टोक बुडवून झालं की कडेवरचं ग्लेझ पुसून पातळ करा. घरात असलेली गळकी चहादाणी वापरायची तर टोकाखाली तुपाचं बोट फिरवायचं. पाणी त्या जागी धरत नाही आणि तेवढ्या वेळेपुरतं गळणं थांबतं. पण विकायच्या चहादाणीबरोबर तुपाची सूचना देऊ नये असं माझं मत आहे.

पानांच्या चहासाठी जाळी पाडणार असाल तर हिशेब करा. तोटीचं टोक १२ मिलिमीटर व्यासाचं असेल तर त्याचं क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर. ४ मिलिमीटरच्या एका भोकाचं साडेबारा. म्हणजे नऊ भोकांनी कशीबशी बरोबरी होते, आणि पानं साचली की निम्मी बंद. मी वीस ते बावीस पाडते. तोटी पोटावर धरून कडेने सुईने रेघ मारा, त्या रेघेच्या आत भोकं पाडा, आणि आत निघालेले कंगोरे लगेच खरवडू नका. माती थोडी कडक झाल्यावर कोरड्या ब्रशने ते आपोआप झडतात, ओले असताना घासले तर भोकं लिंपली जातात. ग्लेझ ओतून काढल्याबरोबर तोटीतून जोरात फुंका. एखाद्या भोकात ग्लेझचा पडदा राहिला आणि तसाच भाजला गेला की तो झारीतला शुक्राचार्य कायमचा, नंतर काही करता येत नाही.

कानाबद्दल थोडक्यात, कारण कपाचे कान तुम्हाला येतात. चहादाणीचा कान ओढून, ओला असताना थेट पोटावर जोडा आणि तिथेच वाकवा. त्याचं वरचं टोक काठाजवळ हवं, म्हणजे वजन हाताखाली लोंबतं, हाताला पिळत नाही. बोटं आणि पोट यांच्यात भाजल्यावर अडीच सेंटिमीटर तरी अंतर राहू द्या. पोटाला हाड टेकलं की चटका बसतो. समोरून बघताना तोटी, झाकण धरायची गाठ आणि कान एका रेषेत यायला हवेत. वरून फिरवलेला कमानीसारखा मातीचा कान सुरुवातीला टाळा, भट्टीत तो मधे बसतो.

आता तडकण्याबद्दल. तोटी पातळ, सगळ्या बाजूंनी हवेत उघडी. ती पोटाच्या आधी वाळते आणि आकसते. तुम्ही ती ओल्या पोटाला चिकटवता. पुढे पोट आकसायला लागतं तेव्हा तोटीचं आकसून झालेलं असतं आणि ताण सांध्यावर येतो. तड तेव्हाच पडते, भट्टीत ती फक्त दिसते. उपाय जोरात दाबण्यात नाही, जाड स्लिप (पाण्यात कालवलेली माती) लावण्यातही नाही. तोटी घडवली की तिच्या टोकांना ओलं फडकं गुंडाळा आणि पोट उघडं ठेवा, म्हणजे जाड भाग पातळ भागाला गाठेल. पोटावर अंगठा दाबला तर ठसा उमटतो पण पोट हलत नाही, आणि तोटी हातात धरल्यावर वाकत नाही पण नख लागतं, तेव्हा जोडा. जोडणीच्या दोन्ही बाजूंना चरे पाडा, त्याच मातीची घट्ट स्लिप लावा, दाबून हलकं फिरवा. मग अख्खी चहादाणी झाकण लावून प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवस बंद ठेवा. या दोन दिवसांत ओलावा सगळीकडे सारखा होतो. माझ्या अनुभवात तडांचं प्रमाण सगळ्यात जास्त कमी केलं ते या पिशवीने. नंतर पिशवी रोज थोडी थोडी उघडत आठवडाभर वाळवा.

ऋतूचा फार फरक पडतो. माझं काम कोकणात चालतं. जुलैत इथे घडवलेलं पोट दुसऱ्या दिवशीही चाकावरून नुकतं उतरल्यासारखं असतं, तिसऱ्या दिवशी ट्रिम करावं, म्हणजे तासावं लागतं. हे संथ वाळणं शिकणाऱ्यासाठी वरदान आहे, कारण जोडण्यासाठी अख्खा दिवस मिळतो. उलट मे महिन्यात विदर्भात बसला असाल तर सकाळी घडवलेली तोटी दुपारी पंख्याशिवायही हाताबाहेर जाते. तिथे तोट्या झाकणबंद डब्यात, तळाला ओलं फडकं घालूनच ठेवाव्यात. चहादाणीची सुरुवात पावसाळ्यात करा, असं मी सगळ्यांना सांगते.

झाकण चिकटलं, त्याचं कारण बहुधा पायरीवर राहिलेला ग्लेझचा थेंब. पायरी आणि झाकणाचा टेकणारा भाग यांवर मेण लावा, मेणात थोडी अ‍ॅल्युमिना पूड मिसळा. बिस्क (ग्लेझआधीची कच्ची) आणि पक्की, दोन्ही भाजण्या झाकण जागेवर ठेवूनच करा, म्हणजे वाकलं तर दोन्ही एकत्र वाकतील. झाकण वेगळं भाजून नंतर बसवायला गेलात तर गोलाचा अंडाकृती झालेला असतो. भट्टीतून काढल्यावर झाकण अडकलेलं असेल तर लाकडी मुठीने कडेकडेने हलकं ठोका. खरखरत असेल तर गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह घासायची पेस्ट पायरीवर लावून झाकण गोल फिरवत राहा. दहा मिनिटांत ते पाण्यासारखं फिरतं. नंतर साबणाने दोनदा नीट धुवा.

यूट्यूबवर बघून चीनमधल्या यीशिंगच्या चहादाण्यांची नक्कल चाकावर करू नका. तिथली पारंपरिक हातघडणी चाकावर होत नाही. मातीची पट्टी थापटून, गोल वळवून, लाकडी थापीने तिला आकार देतात. त्यांचे कोपरे आणि कडा त्या पद्धतीतून येतात. चाकावरची चहादाणी बघायची तर जपानमधल्या तोकोनामेच्या क्यूसू बघा, कान बाजूला असलेल्या, आणि गोल पोटाचा आकार बघायचा तर इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या लाल मातीची 'ब्राउन बेटी'.

क्रम विचारलात. पहिले तीन आठवडे चहादाणी करूच नका. एका बैठकीत दहा तोट्या, अशा तीन बैठका. चार तोट्या भाजायला ठेवा, बाकीच्या सगळ्या उभ्या कापून जाडी बघा. मग झाकणं: एकाच मापाच्या बरण्या सहा, झाकणं सहा, आणि कुठलंही झाकण कुठल्याही बरणीवर बसेपर्यंत हेच. त्यानंतर चहादाण्या, पण एकेक नाही, पाच-पाचच्या खेपेने. पाच पोटं, पाच झाकणं आणि तोट्या सात, म्हणजे जोडताना निवडायला मिळतात. एक करून तिच्याकडे बघत बसलं की तिच्यावर जीव जडतो आणि दोष दिसत नाहीत. पाच शेजारी ठेवल्या की कुठली बरोबर आहे ते लगेच कळतं.

भाजून झालेल्या प्रत्येक चहादाणीत आधी कोमट पाणी फिरवून मग उकळतं पाणी भरा, पाच मिनिटं ठेवा, उचला आणि एका पांढऱ्या फडक्यावर ठेवलेल्या चार कपांत ओता. प्रत्येक कपानंतर धार एकदम तोडा. फडक्यावर डाग कुठे पडले ते बघा आणि चहादाणीच्या तळाशी लिहिलेल्या क्रमांकापुढे वहीत नोंदवा: टोकाची धार, जाळीची भोकं, झाकण पडलं का, बोटाला चटका बसला का. पुढच्या खेपेच्या तोट्या कापायला बसाल तेव्हा ही वही चाकाशेजारी उघडी ठेवा.